पांढरी पूड, करडी पूड

— आणि पहिलं हेच लिहा, बाई, बाकीचं मागाहून. चूक माझी. बाटली मी ओली दिली. झालं, एवढंच आहे, संपलं — नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय आखूड आहे, बसणाऱ्याला वाटतं आपल्यालाच चक्कर आली. ह्या डब्यावर बसा. पालथा घातलाय, स्वच्छ आहे. तर काय म्हणत होते — ओली बाटली. परवा पलीकडच्या लॅबमध्ये जो भडका उडाला तो माझ्या पाण्यामुळं. करडी पूड आणि पाणी यांचं हाडवैर, ते तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही ह्याच विषयातल्या आहात असं शिपाई म्हणाला. एक थेंब पुरतो. बाटलीत माझा थेंब राहिला, पोरीनं पूड घातली, पेटली. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या मुलीचा हात भाजला — चष्मा होता म्हणून डोळे वाचले, नाहीतर काय झालं असतं ते मनात आणवत नाही. ती मुलगी बरी आहे ना? बोटं हलतात ना? हं. मग आता चौकशीच्या कागदावर त्या दुसऱ्या पोरीचं, पूड घालणारीचं, जे नाव असेल ते खोडा आणि तिथं लिहा, बाटल्या धुणारी. तिला काढलं तर तिचं सगळं आयुष्य जाईल. मला काढलं तर काय जाणार? दोन वर्षांनी निघायचंच आहे. पिकलं पान. पडलं तरी कुणाला आवाज येतो?

कशी ओली राहिली म्हणजे? राहिली. माणसाच्या हातून राहते. तुमच्या घरी भांडी ओली राहत नाहीत? — हो, ती वेगळी आणि ही वेगळी, खरंय, मीच सगळ्यांना ते सांगत असते. घरच्या भांड्याला धुतल्यावर फडकं लावलं की काम झालं. इथल्या बाटलीला फडकं लावलंत तर फडक्याचा धागा आत राहतो, आणि तो धागा पुढच्याच्या औषधात घोळ करतो. इथं कसं असतं बघा. आधी साबण आणि लांब दांड्याचा ब्रश, आत गोल गोल, मान आधी, पोट नंतर. मग नळाचं पाणी तीनदा. मग त्या कोपऱ्यातल्या पिंपातलं शुद्ध पाणी दोनदा. मग स्पिरिट. स्पिरिट कशाला? अहो, स्पिरिट पाणी ओढून घेतं. दोन घोट घालायचं, बाटली गरगर फिरवायची, ओतून टाकायचं — काचेला चिकटलेलं पाणी त्याच्या हाताला धरून बाहेर पडतं. मग ओव्हनमध्ये पालथी, अख्खा दिवस. काढली की मान धरून उजेडाकडे करायची आणि आत श्वास सोडायचा नाही. नवीन लोक बघायला म्हणून तोंड जवळ नेतात आणि त्यांच्या श्वासाचंच पाणी आत जातं! मग बूच. आणि मग गळ्यात लाल दोरा.

दोरा म्हणजे — आता मला अक्षर येत नाही, हे काही लपवत नाही मी. बाकीच्या ठिकाणी चिठ्ठ्या चिकटवतात म्हणे, 'कोरडी', 'साधी', असं काय काय. मी चिठ्ठी लिहू कुठून? म्हणून दोरे काढले. लाल दोरा म्हणजे हाडासारखी कोरडी, करडी पूड घाला, काहीही घाला, जबाबदारी माझी. निळा दोरा म्हणजे ॲसिडातून काढलेली. बिनदोऱ्याची म्हणजे धुतलेली आहे, पण आत कुठं चार थेंब असले तर बोलायचं नाही. सुरुवातीला हसले सगळे. आता मोठमोठे सर बाटली न बघता उचलतात, गळ्यात दोरा दिसला की पुरे. एकदा बाहेरच्या देशातले कुणी पाहुणे आले होते, त्यांना आमच्या खडूवाल्या सरांनी — अस्तन्या सदा खडूनं पांढऱ्या, म्हणून ते नाव — इथं आणून माझे दोरे दाखवले. म्हणाले, हिचा लाल दोरा म्हणजे आमच्या सहीपेक्षा पक्का. एकतीस वर्षं झाली, बाई. एकतीस वर्षांत लाल दोऱ्याची एक बाटली ओली निघालेली नाही. एकसुद्धा नाही. कुणालाही विचारा, माझ्या वाईटावर असलेल्यांनाही —

म्हणजे, ही एक सोडून. परवाची. ती निघाली.

काय लिहिलंत आत्ता? — बरं, लिहा, लिहा.

होता का म्हणजे? दोरा? त्या बाटलीला? होता ना. लालच होता. — नव्हता. नव्हता, बाई. आता तुम्ही अशा बघू नका. मी खोटं बोलायचं ठरवूनच बसले होते, सकाळी तोंड धुताना पाठसुद्धा केलं होतं, पण माझी ही खोड — मला दिसतं. झालेलं सगळं पुन्हा डोळ्यांपुढं तसंच्या तसं उभं राहतं आणि जीभ त्याच्या मागं चालायला लागते. पोरीनं परवा अकराच्या सुमाराला इथून बाटली नेली. गोल बुडाची, ओठाला टवका उडालेली, कुरतडलेल्या नखासारखा. बिनदोऱ्याच्या फळीवरनं. मी म्हटलं, लाल देऊ का? ती म्हणाली, "नको मावशी, पांढरीचं काम आहे, स्पिरिटात करायचंय, बिनदोऱ्याची चालेल." चालतेच. पांढरीला दोन थेंब पाण्याचं काही नाही.

थांबा. थांबा, लिहू नका ते. त्याचा अर्थ तुम्ही भलताच — हां, म्हणजे बाटलीत स्पिरिट होतं, आणि त्यात... हो. निम्मी बाटली. पण माझं पाणीही असेल ना त्यात थोडं! बिनदोऱ्याची होती म्हणजे असणारच! तेच पेटलं. पाणी माझं. तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्या.

पांढरी कुठली आणि करडी कुठली हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण मला कसं कळलं ते सांगते, ते तुमच्या पुस्तकात नसेल. ह्या खोलीची ती भिंत बघितलीत? भिंत कसली, फळी आहे. पलीकडं वर्ग. खडूवाले सर दर वर्षी ह्याच दिवसांत रिडक्शन शिकवायचे, आणि मी इकडं ब्रश चालवत ऐकायची. एकतीस वर्षं तेच भाषण, विनोदाच्या जागासुद्धा त्याच. "मुलांनो, ऑक्सिजननं कार्बनला दोन हातांनी धरलंय. आपण काय करायचं? एक हात सोडवायचा. सोडवला की कार्बनकडं एक जागा मोकळी, ऑक्सिजनकडं एक मोकळी, दोन्ही जागी एकेक हायड्रोजन बसवायचा. झालं रिडक्शन. उगाच घाबरता." मग म्हणायचे, हायड्रोजन आणून देणारे दोन. पांढरी गरीब आहे, जे सोपं तेवढंच सोडवते. करडी कुणाला सोडत नाही. मी आपलं माझ्या मनात लावून घेतलं — पांढरी म्हणजे घरात नवी आलेली सून, सांगितलं तेवढंच करणार, बाकीकडं बघायचंसुद्धा नाही. आणि करडी म्हणजे लग्नघरी आलेली आत्या. तिला म्हणावं एवढा एक खण आवरून दे, तर ती चार कपाटं आवरून, तुमचे जुने कागद जाळून, वर पुन्हा तुम्हालाच नावं ठेवते. हसलात! हसा, बाई. आल्यापासून पहिल्यांदा हसलात.

आणि बाटल्यांवरनं कळतं ते वेगळंच. पांढरीची बाटली दोन पाण्यांत निघते. करडीची बाटली धुवायला येते ती आत पांढरा चिकट लगदा घेऊन, कपड्याला घालायची खळ थिजावी तसा, ब्रश फिरेना. आणि वास ईथरचा, तो गोडसर, डोकं हलकं करणारा. काम झालं की म्हणे शेवटी पाणी थेंबाथेंबानं घालतात, करडीचा उरलासुरला राग शांत करायला. बर्फात बाटली ठेवून. तेसुद्धा मी दाराच्या फटीतनं बघितलंय.

कोण? ती पोर? ती पाठ करणारी आहे. तिला विचारा — एस्टरचं काय होतं, नायट्रोचं काय होतं, कशानं होतं — घडाघडा सांगेल. पाढे म्हणावेत तसं. पण पाढे उलटे विचारले की — छप्पन म्हणजे सात किती — अशी थबकते. मी घरी पाठ घेताना मुद्दाम उलटं विचारायची. अल्कोहोल मिळालंय, तर आधी काय होतं सांग? आणि ती चिडायची, "आजी, परीक्षेत असं नाही विचारत!" —

मावशी. "मावशी," म्हणायची ती. मी आजी म्हटलं का?

घरी म्हटलं मी? पाठ घेताना? — हं.

जाऊ दे. झाकून काय राहणार आता. माझी नात आहे. लेकीची लेक. मी भिंगरी म्हणते तिला, लहानपणी एका जागी बसायचीच नाही. तिची आई कापडाच्या कारखान्यात, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते, तेव्हा वाढवली ती मीच म्हणा. इथं कुणाला माहीत नाही. तिनं नाही हो लपवलं, तसं मनात आणू नका. मीच म्हटलं पहिल्या दिवशी, इथं तू मला सगळ्यांसारखी मावशी म्हणायची, मी तुला सगळ्यांसारखी पोरी म्हणायची. कशाला उद्या कुणी म्हणायला की बाटलीवालीची नात म्हणून हिला चांगल्या बाटल्या मिळतात! पाच वर्षं पाळलं दोघींनी. जेवणाच्या सुट्टीत माझा डबा इथं, तिचा डबा तिकडं, भाजी एकच. परवा आग लागली तेव्हा मात्र ओरडली ती "आजी!" म्हणून. त्या गोंधळात कुणाच्या लक्षात नाही आलं. मी वाळूची बादली घेऊन धावले. एक जण पाणी घेऊन निघाला होता, त्याला मी ह्या कोपरानं ढकललं, त्याला लागलंही असेल, आणि भिंगरीनं आणि मी मिळून वाळू ओतली. आग विझवली ती तिनं. हे लिहिलंत का? ते आधी लिहा. बाकीचे दारातनं बाहेर आणि ती आत, भुवया जळालेल्या, वाळू ओततेय.

करडी आली कुठून, हेच ना. तेच विचारणार हे मला ठाऊक होतं. त्या कोपऱ्यातल्या कुलपाच्या कपाटातनं. किल्ली माझ्याकडं असते. भांडारवाले निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी नेमलंच नाही, किल्ली आपली ह्या खिळ्यावर आली. सरांच्या सहीची चिठ्ठी असली की उघडायचं. मला चिठ्ठी वाचता येत नाही, पण प्रत्येक सरांची सही मला चेहऱ्यासारखी ओळखू येते. खडूवाल्या सरांची शेपटी खाली, नव्या सरांची वर.

नव्हती. चिठ्ठी नव्हती.

मी उघडलं. कपाट मी उघडलं, किल्ली मी लावली, डबी मी काढून दिली. तिनं हातसुद्धा लावला नाही कपाटाला. लिहा की हे! हे तर माझंच झालं ना सगळं? — नवे सर बैठकीला गेले होते. तिचे मार्गदर्शक तेच. संध्याकाळी पाचला त्यांना औषध तयार करून दाखवायचं होतं. आता तुम्हाला आतली गोष्ट सांगते. पुढं संशोधनाला एकच जागा आहे, आणि ती आपलीच असं धरून चाललेत चार जण. आणि मागच्या आठवड्यात नव्या सरांनी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तुला रिडक्शन पाठ आहे, कळलेलं नाही." सगळ्यांसमोर, बाई. घरी आली ती जेवली नाही. मटार सोलत बसलो होतो दोघी, ती दाणे टाकतेय टोपलीत आणि टरफलं ताटात, ताटातलं पुन्हा टोपलीत. मग म्हणाली, "आजी, खरंच आहे ते. मला नाही कळत. तू विचार, मी सांगते, आणि सांगताना मला माहीत असतं की मी नुसती बोलतेय." मी काय सांगणार तिला? मी म्हटलं, मला तरी कुठं कळतं गं, मला खडूवाल्या सरांचा आवाज पाठ आहे. हसलो दोघी. तेव्हा हसलो.

तर परवा. बारा वाजता पांढरी घातली तिनं स्पिरिटात. एक वाजता बघितलं, दोनला बघितलं — ती काचेची पट्टी असते ना, काम झालं की तिच्यावरचा ठिपका म्हणे हलायला पाहिजे, तो हलेना. तीनला इथं आली, माझ्या पाठीमागं उभी राहिली. कुणी नव्हतं. म्हणाली, "आजी, पांढरीनं नाही होत. करडी चिमूटभर घातली तर?" आता तिच्या त्या रेणूत दोन ठिकाणं आहेत म्हणे सोडवायची, एक सोपं आणि एक हट्टी, आणि हट्टी तसंच राहायला पाहिजे. ते मला माहीत होतं, ती घरी बोलायची. मी म्हटलं, आत्या आली की चारी कपाटं आवरेल गं. ती म्हणाली, चिमूटभरच घालीन, चिमूटभर आत्या सोप्या ठिकाणीच दमेल. मला ते पटलं, बाई. मला खरंच पटलं. मी हसलेसुद्धा, चिमूटभर आत्या!

मग म्हणाली, "पण बाटलीत स्पिरिट आहे. चालेल ना?" आणि माझ्याकडं बघायला लागली. आता इथं पुस्तकं पडलीत ढिगानं, चार खोल्या सोडून खडूवाले सर अजून येऊन बसतात, म्हातारे झालेत पण येतात, त्यांना विचारायचं. पण त्यांना विचारलं असतं तर नव्या सरांना कळलं असतं की हिला एवढंही — म्हणून मला विचारलं. आणि मी — मी सांगितलं. मी म्हटलं, करडीचं वैर पाण्याशी. स्पिरिटाशी नाही. स्पिरिट तर पाणी पळवून लावतं, त्यानंच तर मी बाटल्या कोरड्या करते. स्पिरिटात पाणी टिकतच नाही. घाल बिनधास्त.

असं का बघता?

मान का हलवली तुम्ही? — चालत नाही?

स्पिरिटसुद्धा?

अहो, पण स्पिरिट म्हणजे पाणी नव्हे. — तसाच? म्हणजे पाण्यात ऑक्सिजनला जो हायड्रोजन लटकलेला असतो, तस्साच एक स्पिरिटातही लटकलेला? आणि करडी त्यालाच धरते? रेणूकडं जायच्या आधीच त्याच्याशी भांडण काढते, म्हणजे पाणी नसलं तरी — एक थेंब नसला तरी —

थांबा जरा, बाई. एक मिनिट बोलू नका.

एकतीस वर्षं करडीच्या बाटल्या आल्या ह्या हातात. दर बाटलीला ईथरचा वास, म्हणजे करडी घालतात ती ईथरातच. स्पिरिटाचा एकीलाही नाही, कधीच नाही. का नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माझ्या नाकाला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. मी फळीमागनं सगळं ऐकलं, विनोदसुद्धा ऐकले, आणि ती पोर सगळं वाचून घोकत होती, आणि दोघींत मिळून एकीला कळलेलं नाही. आणि मी आत्ता तुमच्यासमोर ओल्या बाटलीचं खोटं रचत बसले होते, चूक माझी नसताना ओढून घेते अशी माझी मला शाबासकी देत — आणि चूक तर माझीच निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बरं मग! मग तर सोपंच झालं! ते ओल्या बाटलीचं खोडा आणि हे लिहा. खरं लिहा. मावशीनं सांगितलं स्पिरिट चालतं, म्हणून पोरीनं घातलं. कपाट मावशीनं उघडलं. आग मावशीनं लावली. हे खरं आहे, शपथेवर खरं आहे, आता तरी तिचं नाव —

का?

म्हणजे — तिचं आणखीच बिघडतं? कसं काय? चिठ्ठी नसताना मागितलं. बरं. सरांना न विचारता घातलं. बरं. आणि विचारलं कुणाला तर बाटल्या धुणारीला... हं. ओल्या बाटलीचा नुसता अपघात झाला असता. हो. आणि हे म्हणजे तिला कळत नव्हतं आणि कळत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही... आणि ते मटार सोलतानाचं बोलणं. तेही मीच सांगितलं. ते तर तुम्ही विचारलंही नव्हतं.

तुम्ही तरुण आहात, बाई, तुम्हाला आजी आहे? असेल किंवा होऊन गेली असेल. ती वही जराशी मिटा ना. फाडा म्हणत नाही, तुमच्यावर कुणी साहेब असेल. पण मी बोलले आणि तुम्ही ऐकलं, एवढंच ठेवता नाही येणार? लिहिल्याशिवाय? ती मुलगी हुशार आहे हो. आज नाही कळत, उद्या कळेल. मला आत्ता कळलं ना? ह्या वयात, अक्षर न येता, तुम्ही एका वाक्यात सांगितलं आणि कळलं. तिला कुणी तसं सांगितलंच नाही, तिनं विचारलंच नाही, भीतीनं. भीती हा काही गुन्हा आहे? चष्मेवाल्या मुलीच्या आईचे पाय धरते मी, त्या मुलीला महिनाभर माझ्या हातानं भरवते —

बरं. कळलं. नाही जमणार. तुमच्या हातात नाही. मी समजू शकते, माझ्या तरी हातात काय असतं?

वाचून दाखवा मग. हो, अंगठा देते, पण आधी वाचा. अंगठेवाली असले तरी माझ्या नावावर कुणी वाकडं लिहिलं तर मला लगेच कळतं, एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी. वाचा.

...

पुढं.

...

हो, "बिनदोऱ्याची चालेल." तसंच म्हणाली होती.

...

हो.

सगळं बरोबर आहे. शब्द न् शब्द माझा आहे. एकही तुम्ही पदरचा घातला नाही. घातला असतात तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. शाईची डबी इकडं सरकवा. इथं? इथं खाली? — घ्या.

आता एक करा, बाई. समोरच्या दारानं जाऊ नका. बाहेर बाकावर बसलीय ती. येताना बघितली असेल, भुवया नसलेली, ती. सकाळी घरनं निघताना तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "आजी, तू काही करू नकोस. तुला काही विचारलं तर मला माहीत नाही म्हण. तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस. फक्त गप्प बस." मी म्हटलं, तू बघच, दहा मिनिटांत तुला सोडवून आणते. तुम्हाला हातात वही घेऊन बाहेर पडताना बघितलं तर ती उठून उभी राहील, आणि तुमच्या तोंडाकडं बघेल. ह्या बाजूनं जा. हे दार मागच्या अंगणात निघतं, तिथनं उजवीकडं. फरशी ओली आहे, जपून.

नको, मला काही नको, पाणीबिणी नको. तुम्ही जा.

दार ओढून घ्या.